रेवड्यांची कुस्ती

येत्या रविवारी माझी लेक गतक्याच्या, म्हणजे सोटी आणि ढालीच्या खेळाच्या, स्पर्धेत पहिल्यांदा उतरते आहे. आठवडाभर घरात सगळं नेहमीसारखं चाललंय असं आम्ही दोघं तिला दाखवतो आहोत आणि ती आम्हाला. पण ताटातला भात तसाच राहतो, शाळेची वही घरी विसरते, आणि दिवा मालवल्यावर तिच्या खोलीतून अनवाणी पावलांचा आवाज येत राहतो. अंधारात पैंतरे घालत असते. परवा केसांना तेल लावून देताना तिनं विचारलं, "आई, हातपाय तयार आहेत गं माझे. मनाचं काय करू?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्यापाशी आहे. त्याची तयार उत्तरं पुष्कळ मिळतात. डोळे मिटून स्वतःला जिंकताना बघ, आरशासमोर उभी राहून मी सर्वांत बलवान आहे असं म्हण, भीतीला मनातून हाकलून दे. यातलं एकही तिला सांगावंसं वाटलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला भीती हाकलायला सांगणं म्हणजे सामन्याआधीच तिला आणखी एकीशी झुंजायला लावणं. माझं मत असं झालंय की मनाची तयारी मनात बसून होत नाही. ती पायांत होते, तळहातांत होते आणि आपल्या माणसांच्या नजरेसमोर होते. हे मत थोडं माहेरच्या लाल मातीतून आलंय आणि थोडं या पंजाबी शहरातून.

मोहालीत आता आम्ही रुळलो आहोत. चंदिगडला चिकटून असलेलं हे शहर फेज आणि सेक्टरांच्या आकड्यांत मांडलेलं आहे. पत्ता विचारला की माणसं आकडेच सांगतात. महाराष्ट्रात मोहाली म्हटलं की क्रिकेटचं मैदान आठवतं. पण सरकारी कागदावर या गावाचं नाव साहिबजादा अजितसिंग नगर असं आहे. गुरू गोविंदसिंगांचा हा थोरला मुलगा चमकौरच्या गढीतून बाहेर पडून लढताना गेला तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. त्या रणाची आणि खेळाच्या मैदानाची तुलना होऊ शकत नाही, मी ती करणारही नाही. पण ज्या गावाच्या पाटीवर एका मुलाचं नाव आहे तिथे लेकरांच्या हाती सोटी देताना मोठी माणसं फार गंभीर असतात, एवढं मी पाहिलं आहे.

लेकीचा आखाडा गुरुद्वाऱ्याच्या मागच्या अंगणात भरतो. संध्याकाळी मुलंमुली डोक्याला पटका किंवा रुमाल बांधून, कमरकसा आवळून, अनवाणी उभी राहतात. शस्त्रं चादरीवर ओळीनं मांडलेली असतात. त्यांना वाकून नमस्कार केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. सोटी सुमारे मीटरभर लांबीची. डाव्या हातात फरी, म्हणजे वीतभर व्यासाची गोल ढाल. समोरच्याच्या सोटीचा वार फरीवर झेलायचा आणि आपली सोटी त्याच्या अंगाला लावायची. लागली की गुण. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला आमच्या गावच्या तालमीत खुंटीला टांगलेली, चामडं सुकून गेलेली फरी आठवली. आपल्याकडे हा खेळ फरीगदगा म्हणून खेळला जायचा. लाठी, बोथाटी, दांडपट्टा यांच्या जोडीनं तो शिकवत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं, इतका आपल्या व्यायामशाळांचा तेव्हा दरारा होता. आता फरीगदगा आपल्याकडे क्वचितच दिसतो. इथे तो पोराटोरांच्या हातात आहे. 2022 च्या जूनमध्ये शेजारच्या पंचकुल्यात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, त्यात मल्लखांब, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांच्या बरोबरीनं गतकाही होता. लेक तेव्हा लहान होती. मुलींच्या जोड्या बघून घरी आली आणि स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन अंगणात गेली. त्याला आता इतके दिवस झाले.

त्यांचे उस्तादजी मितभाषी आहेत. या आठवड्यात त्यांनी नवीन काहीही शिकवायचं नाकारलं. मुलं हट्ट धरतात; व्हिडिओत पाहिलेली एखादी गिरकी त्यांना रविवारी मारायची असते. उस्तादजींचं एकच उत्तर, "जो औंदा ए, ओही करना ए." जे येतंय तेच, त्याच क्रमानं. आधी नमस्कार, मग पैंतरा, मग वार, मग बचाव, मग पुन्हा पैंतरा. बघणाऱ्याला कंटाळा यावा इतक्या वेळा. मला आधी वाटलं, शेवटच्या आठवड्यात तरी काही खास द्यायला हवं. पण यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगातून जे दिसलं ते हेच सांगतं. सोपा फरक ओळखायचा असला तर विजेच्या जोरदार धक्क्यानं उंदीर लवकर शिकायचे. तोच फरक अवघड केला की जोराचा धक्का नडायचा, मध्यम धक्का बरा ठरायचा. दडपणाखाली साधं, घोटलेलं काम तगतं आणि अर्धवट आलेलं अवघड काम मोडतं. मैदानात माणसाच्या हाती तेच उरतं जे त्याला विचार न करता येतं.

शरीर काय करतं हेही मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, असं मला वाटतं. नाव पुकारायची वेळ जवळ आली की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं, बोटं गार पडतात. मूल समजतं, आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी रक्तात अॅड्रेनॅलीन सोडत असतात, आणि पोटाकडचं, कातडीकडचं रक्त मांड्यांकडे आणि दंडांकडे वळत असतं. मी लेकीला म्हटलं, बोटं गार पडली तर समज, तुझं रक्त पायांकडे कामाला गेलंय. आणि श्वास घेशील त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लाव. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती उतरते. तिनं लगेच करून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे हेही एक कामच झालं." मला तेच म्हणायचं होतं.

डोळ्यांचीही तयारी करावी लागते. नवखी मुलं प्रतिस्पर्ध्याच्या सोटीकडे बघत राहतात. सोटी हलली की डोळे हलतात, डोळ्यांमागे मान, आणि तेवढ्यात दुसरीकडून वार बसतो. उस्तादजी छातीकडे बघायला लावतात. तिथे नजर ठेवली की खांदे, कंबर, पाय सगळंच दिसतं. सतराव्या शतकात जपानमध्ये ताकुआन सोहो नावाच्या झेन भिक्षूनं यागयू मुनेनोरी या तलवारबाजाला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की मन प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर थांबलं तर तिथे अडकतं, आपल्या तलवारीवर थांबलं तरी अडकतं, जिंकण्यावर थांबलं तरी अडकतं. त्याला कुठेच मुक्काम करू देऊ नये. भिक्षूनं जे चित्ताबद्दल लिहिलं ते मोहालीतले उस्ताद नजरेतून शिकवतात. लहान मुलीला चित्त कुठे ठेवायचं ते समजणार नाही, पण डोळे कुठे ठेवायचे ते समजतं.

पहिल्या लढाईच्या भीतीचं सर्वांत खरं चित्र मला विराटपर्वात दिसतं. आपल्याकडे कीर्तनात आणि शाळेच्या गोष्टींत राजपुत्र उत्तराची थट्टाच होते, आणि ती मला कधी पटली नाही. कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या. राजा सैन्य घेऊन दुसऱ्या बाजूला सुशर्म्याशी लढायला गेलेला. राजवाड्यात उरला हा पोरगा आणि बायका. त्यांच्यासमोर तो मोठ्या गोष्टी करतो: सारथी मिळाला असता तर एकट्यानं कौरवांना लोळवलं असतं. सारथी मिळतो, बृहन्नडा, म्हणजे वेश पालटून राहिलेला अर्जुन. रथ स्मशानाजवळ पोचतो आणि समोर भीष्म, द्रोण, कर्ण, कृप यांचं सैन्य दिसतं. उत्तराच्या अंगावर काटा येतो. तो सरळ कबूल करतो की मी लहान आहे, मला हे जमणार नाही. आणि रथातून उडी टाकून पळत सुटतो. अर्जुन बायकी वेशात, वेणी आणि लाल वस्त्र उडवत त्याच्या मागे धावतो, आणि ते बघून कौरव हसतात. शंभरेक पावलांवर अर्जुन त्याला गाठतो. उत्तर गयावया करतो. सोडलंस तर सोनं देईन, रत्नं देईन म्हणतो.

इथून पुढे अर्जुन जे करतो ते मला प्रत्येक शिक्षकानं आणि प्रत्येक आईबापानं वाचावंसं वाटतं. तो त्याला क्षत्रियधर्मावर व्याख्यान देत बसत नाही. हसतो, धीर देतो आणि सांगतो की लढाई मी करतो, तू लगाम धर. मग त्याला शमीच्या झाडाकडे नेतो आणि वर चढायला लावतो. झाडाला बांधलेलं गाठोडं मढ्यासारखं दिसतं म्हणून राजपुत्र कचरतो. तरी चढतो, दोर सोडतो, आणि आत पांडवांची शस्त्रं झळाळताना बघून एकेका शस्त्राबद्दल विचारत सुटतो, हे कुणाचं, ते कुणाचं. पळून जाणारा मुलगा आता झाडावर बसून प्रश्न विचारतो आहे. धावायची जी ताकद पायांत आली होती तिला अर्जुनानं चढायला लावलं, मग गाठ सोडायला, मग घोडे हाकायला. भीती गेली असं मात्र व्यास म्हणत नाहीत. युद्ध सुरू झाल्यावरही उत्तराला शंखांचे आणि प्रत्यंचांचे आवाज सहन होत नाहीत, तो खचतो. अर्जुन पुन्हा त्याला सावरतो आणि तो पुन्हा लगाम हाती घेतो. दसऱ्याला शमीची पूजा करताना आपण अर्जुनाची शस्त्रं आठवतो. मला त्या झाडावर थरथरत चढलेला मुलगाही आठवतो.

आता आमच्या कऱ्हाडकडचं सांगते. गोळेश्वर माझ्या माहेरापासून जवळच. खाशाबा जाधव तिथले, जन्म 1926 चा, वडील दादासाहेब स्वतः कुस्तीतले. खाशाबांचं सगळं घडणं लाल मातीत झालं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या मातीत पाय रुततो, घाम माती शोषते, पकड मिळते. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कुस्ती गादीवर होती. गादीत पाय रुतत नाही, आणि मातीत जिथे पाठ लागेपर्यंत झुंज चालते तिथे गादीवर घड्याळ आणि गुण असतात. डाव येत होते, अंग तयार होतं, परकी होती ती पायाखालची जमीन. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी मल्लानं तिथेच त्यांना गादीचे धडे दिले. फ्लायवेट गटात ते सहावे आले.

या सहाव्या क्रमांकाबद्दल मला अपार आदर आहे. आपण मुलांना हेलसिंकी सांगतो. 1952 साली बॅन्टमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. दुसऱ्या कुणाचं तरी घर गहाण पडलंय हे ठाऊक असताना गादीवर उतरायचं, हे ओझं मनानं कसं पेललं असेल याचा विचार करताना मला अजून भरून येतं. पुढे सोन्याचा मानकरी ठरलेल्या शोहाची इशीशी त्यांची झुंज लांबली, आणि त्यानंतर पुरती विश्रांतीही न मिळता त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोवसमोर उभं राहावं लागलं. त्यांची बाजू मांडायला तिथे कुणी भारतीय अधिकारी नव्हता, असं सांगितलं जातं. हे सगळं ज्या माणसानं सोसलं त्याची तयारी कुठे झाली होती? चार वर्षं आधी, लंडनच्या त्या परक्या गादीवर. पहिल्या स्पर्धेला निघालेल्या मुलामुलींना पदकाची गोष्ट सांगण्याआधी सहाव्या क्रमांकाची सांगायला हवी. पहिल्या वेळी जमिनीशी ओळख झाली तरी पुष्कळ झालं.

योगायोग असा की त्याच दोन्ही ऑलिंपिकना बलबीरसिंग सीनियर भारताकडून हॉकी खेळत होते, आणि मोहालीत सेक्टर 63 मधलं हॉकी स्टेडियम आता त्यांच्या नावाचं आहे. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे. 2020 च्या मे महिन्यात मोहालीतल्याच रुग्णालयात ते गेले. त्या स्टेडियमवरून जाताना लेकीला मी दोघांची नावं एका दमात सांगते. गोळेश्वरचा मल्ल आणि पंजाबचा हॉकीपटू एकाच वेळी एकाच परक्या शहरात उतरले होते, ही गोष्ट तिला तिच्या दोन्ही गावांची वाटते.

परक्या जागेशी आधीच ओळख करून घेण्याचं दुसरं उदाहरण चंदिगडच्या परिसरातलंच, अभिनव बिंद्रा यांचं. घरच्या आवारात त्यांची स्वतःची नेमबाजीची रेंज होती. एकांतात सराव करायला याहून चांगलं काय असणार? पण बीजिंगचं सभागृह मोठं असणार, तिथला उजेड आणि गजबज निराळी असणार, म्हणून त्यांनी एक मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन तिथे सराव केला होता. लग्नाच्या मांडवात एक माणूस दहा मीटरवरच्या टाचणीएवढ्या ठिपक्यावर नेम धरून तासन्‌तास उभा आहे, हे चित्र मला फार आवडतं. 11 ऑगस्ट 2008 ला अंतिम फेरीच्या तोंडावर त्यांच्या लक्षात आलं की रायफलची दर्शनी हलली आहे. सरावाची गोळी भलतीकडे गेली. त्या वेळी मनाला उपदेश करून भागलं नसतं. त्यांनी दर्शनी नीट केली आणि नेमाला लागले. शेवटच्या गोळीआधी फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनशी बरोबरी होती. बिंद्रांची शेवटची गोळी 10.8 ची पडली.

आमचे उस्तादजी मंगल कार्यालय भाड्यानं घेऊ शकत नाहीत, पण त्यांच्याकडे नगर कीर्तन आहे. गुरुपर्वाला मिरवणूक निघते, पालखीच्या पुढे रस्ता झाडत, पाणी शिंपडत माणसं चालतात, आणि त्यांच्या पुढे आखाड्याची मुलं गतका दाखवतात. फेजमधल्या गच्च्यांवर माणसं, रस्त्याच्या दोन्ही कडांना लंगरवाले, ध्वनिक्षेपक, ढोल, मध्येच हॉर्न. लेक तिथे पहिल्यांदा खेळली तेव्हा तिच्या हातून सोटी सुटून गटाराजवळ जाऊन पडली. कडेला चहा वाटणाऱ्या आजीनं ती उचलली, ओढणीनं पुसली, कपाळाला लावली आणि तिच्या हातात देत म्हणाली, "कोई गल्ल नहीं पुत्तर, फेर चुक्क." काही नाही बाळा, पुन्हा उचल. हजारभर माणसांसमोर शस्त्र हातातून सुटणं किती भयंकर असतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते तितकंसं भयंकर नसतं हेही त्याच दिवशी कळलं. रविवारच्या स्पर्धेत गुण मोजले जातील, पंच असतील, पण गर्दीची भेट आधीच होऊन गेली आहे.

पुकाऱ्याचीही तालीम झाली. आमचं आडनाव पंजाबी जिभेला जरा अवघड. उस्तादजी रोज सरावाच्या मध्येच कर्ण्यातून ते मुद्दाम वेडंवाकडं पुकारतात, आणि लेकीनं हातातलं काम टाकून, फरी-सोटी घेऊन, नमस्कार करून रिंगणात यायचं. पहिल्या वेळी ती दचकली होती. आता तिच्या पायांना कळतं की आडनाव कानावर पडलं की कुठे चालत जायचं. थांबण्याचीही तालीम घेतात. स्पर्धेत खेळणं काही मिनिटांचं असतं आणि वाट बघणं दिवसभराचं. म्हणून मुलांना तास-तासभर बसवून ठेवतात, मग अचानक उठवतात. या वेळात काय करायचं तेही ठरलेलं आहे: सोटीची मूठ पुसायची, कमरकसा सोडून पुन्हा बांधायचा, धाकट्यांचे पटके नीट करून द्यायचे. हे शेवटचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. दुसऱ्याचा पटका बांधणाऱ्या बोटांना आपलं कापणं आठवत नाही.

मोहालीबाहेर छप्पर चिरी म्हणून जागा आहे. 1710 च्या मे महिन्यात बंदासिंग बहादुरांनी सरहिंदच्या वजीरखानाला तिथे हरवलं. आज तिथे 328 फुटी फतेह बुर्ज उभा आहे. बंदासिंग आधी बैरागी होते, आणि त्यांचा आश्रम आपल्या नांदेडला, गोदावरीच्या काठी. 1708 साली गुरू गोविंदसिंग त्यांना तिथेच भेटले. मराठी माणूस फतेह बुर्जापुढे उभा राहिला की गोदावरीची आठवण होऊन त्याला आपलेपणा वाटतो, तसा मलाही वाटतो. पण मला त्या वाटेतल्या गावांचं अधिक वाटतं. नांदेडहून निघालेला बैरागी थेट छप्पर चिरीला पोचला नाही. आधी समाना झालं, सढौरा झालं, आणि लहानसहान चकमकी तर कितीतरी. मोठ्या दिवसाआधी हे लहान दिवस यावे लागतात.

आपल्याकडे त्या लहान दिवसांची सोय गावानंच करून ठेवलेली होती. यात्रेतल्या रेवड्यांच्या कुस्त्या! मी लहान असताना मुलींना फडात जागा नसायची. मी वडिलांच्या खांद्यावर बसून बघायची. दुपारी ऊन कलायला लागलं की हलगी कडाडायची. मोठे मल्ल अजून आलेले नसायचे. कमिटीतली दोन वयस्क माणसं पोरांच्या घोळक्यात शिरून नजरेनंच उंची-वजन जोखायची आणि दोन मनगटं धरून एकमेकांत द्यायची. सहा-सात वर्षांची पोरं, कुणी लंगोटात, कुणी शाळेच्या चड्डीवर. शड्डू ठोकायचा तर मांडी एवढीशी, आवाजच यायचा नाही, आणि सगळा फड त्या न आलेल्या आवाजाला दाद द्यायचा. एकजण चितपट व्हायचा. मग कमिटीतला माणूस परातीतून मूठभर रेवड्या जिंकणाऱ्याच्या ओंजळीत घालायचा, आणि आमच्या गावात हरणाऱ्याच्याही. हरलेलं पोर डोळे पुसत, तोंडात रेवडी घोळवत आजोबांच्या मांडीवर जाऊन बसायचं, आणि तिथून पुढच्या कुस्त्या बघायचं. संध्याकाळी इनामाच्या मोठ्या कुस्त्या सुरू व्हायच्या तेव्हा त्याच मातीत उतरणारे मल्ल कुणे एके काळी याच परातीतल्या रेवड्या खाल्लेले असायचे.

आता विचार करते तेव्हा वाटतं, मनाची तयारी करून घेण्याची याहून शहाणी रीत मी दुसरी पाहिलेली नाही. गर्दी खरी, हलगी खरी, माती खरी, हार खरी; पण जोखीम मूठभर रेवड्यांची. हरणारा आपल्याच गावात हरतो, आणि त्याला उचलून घेणारे हात चार पावलांवर असतात. खाशाबांसारखे मल्ल ज्या मुलुखात झाले तिथे असे फड गावोगाव भरत. लंडनची गादी परकी होती, पण कुणासमोर तरी पडायचं आणि उठून हात मिळवायचा, हे त्या मुलुखातल्या पोरांना परकं नव्हतं.

हल्ली माहेरून यात्रेची पत्रिका येते ती रंगीत असते. त्यावर मल्लांचे फोटो, इनामांचे मोठाले आकडे, देणगीदारांची नावं. रेवड्यांच्या कुस्त्यांना वेळ उरत नाही, असं भाऊ सांगतो. पाहुणे मल्ल ताटकळतात, सूर्य मावळतो, पोरांना कुठे बसवायचं. त्याचं म्हणणं मला समजतं आणि पटत नाही. मुलांना आपण क्लासला घालतो, पोशाख घेतो, गाडीनं जिल्ह्याच्या स्पर्धेला नेतो, आणि थेट पंचांसमोर, अनोळखी सभागृहात, गुणफलकाखाली उभं करतो. मग त्यांचे हात कापले की त्यांना मन खंबीर करायला सांगतो.

म्हणून गावोगावच्या यात्रा कमिट्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. इनामाच्या कुस्त्या लावा, नामांकित मल्ल आणा, पण दुपारचा एक तास पोरांना द्या. या वेळी मुलींच्याही जोड्या लावा. खांद्यावर बसून बघणाऱ्या पुष्कळ जणी खाली उतरायला तयार आहेत. परात आणि रेवड्यांचा खर्च माझ्याकडे लागला. फक्त पत्रिकेवर, मोठ्या आकड्यांच्या वरती, एवढी एक ओळ छापा: मुलामुलींच्या कुस्त्या, दुपारी तीन वाजता, रेवड्यांवर.